कॅथलिक विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू होताना

सहायक प्राध्यापकपदासाठी महाराष्ट्राबाहेर अर्ज करणाऱ्या मराठी उमेदवारासमोर कधी ना कधी एखाद्या कॅथलिक विद्यापीठाची जाहिरात येतेच. बंगळूरचे क्राइस्ट अभिमत विद्यापीठ (त्याचा एक परिसर पुणे जिल्ह्यात लवासालाही आहे), बंगळूरचेच सेंट जोसेफ्स, कोलकात्याचे सेंट झेवियर्स, भुवनेश्वरचे एक्सआयएम, गुवाहाटीचे आसाम डॉन बॉस्को ही त्यांतली ठळक नावे. निवड झाल्यावर मात्र सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयात शिकलेल्या-शिकवलेल्या माणसाला बऱ्याच गोष्टी अपरिचित वाटतात. इथले फादर म्हणजे नेमके कोण, प्रार्थनेला उभे राहावे का, वर्गात काय बोललेले चालते, आणि ‘मिशन’ हा शब्द दर बैठकीत का येतो, असे प्रश्न मनात असतात, पण ते विचारायचा संकोच वाटतो.

मी स्वतः कॅथलिक नाही. अशा विद्यापीठात नोकरी करताना आणि नंतर नव्या सहकाऱ्यांना पहिल्या सत्रात मदत करताना जे उपयोगी ठरले, ते इथे क्रमाने देत आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. या संस्थांमध्ये नव्या माणसाचे स्वागत मनापासून होते आणि आपुलकीही खरी असते. पण आपुलकी आणि सेवाशर्ती हे दोन स्वतंत्र विषय आहेत. आपुलकीचा मोकळेपणाने स्वीकार करावा आणि सेवाशर्ती मात्र कागदावरच पाहाव्यात. पुढच्या बहुतेक सूचना यातूनच निघाल्या आहेत.

1. संस्था कोणत्या धर्मसंघाची आहे, ते आधी समजून घ्या

‘कॅथलिक विद्यापीठ’ म्हटले की थेट रोमहून कारभार चालतो, अशी अनेकांची समजूत असते. आपल्याकडची बहुतेक विद्यापीठे प्रत्यक्षात एखादा धर्मसंघ, म्हणजे व्रत घेऊन एकत्र राहणाऱ्यांचा संघ, चालवतो, आणि प्रत्येक संघाची शिक्षणाची परंपरा वेगळी असते. सेंट जोसेफ्स आणि सेंट झेवियर्स ही जेझुइटांची म्हणजे येशूसंघाची विद्यापीठे आहेत. हा संघ 1540 साली स्थापन झाला आणि 1599 पासून त्याच्या शाळा-महाविद्यालयांना एक लेखी शिक्षणपद्धती आहे. क्राइस्ट ‘कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट’ या संघाचे आहे. हा संघ 1831 मध्ये केरळातील मान्नानम येथे सुरू झाला, म्हणजे तो पूर्णपणे भारतीय भूमीत जन्मलेला आहे. संत कुरियाकोस चावरा हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. आसाम डॉन बॉस्को सेलेशियन संघाचे आहे, आणि विवेक, धर्मभावना व जिव्हाळा या तीन आधारांवर तरुणांना घडवण्याची संघाचे संस्थापक डॉन बॉस्को यांची पद्धत हा तिथल्या प्रत्येक कार्यक्रमाचा पाया असतो.

ही माहिती केवळ मुलाखतीपुरती नाही. कोणता सण मोठा साजरा होईल, समाजसेवेच्या उपक्रमांना किती वेळ द्यावा लागेल आणि मेंटॉर म्हणून तुमच्याकडून काय अपेक्षित असेल, हे यावरूनच ठरते. जेझुइट संस्थेत 31 जुलैला संत इग्नेशियस आणि 3 डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर, सेलेशियन संस्थेत 31 जानेवारीला डॉन बॉस्को, तर चावरांच्या परंपरेत 3 जानेवारी हे दिवस महत्त्वाचे असतात. त्या दिवशी रजा टाकायची असेल, तर विभागप्रमुखांशी आधी बोलून घ्यावे.

मराठी माणसाला ही परंपरा वाटते तितकी परकी नाही. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये गोव्याच्या सेंट पॉल्स कॉलेजात जेझुइटांनीच चालवला. मुंबईचे सेंट झेवियर्स 1869 पासून आहे, आणि तिथला ब्लॅटर हर्बेरियम हा वनस्पतिसंग्रह फादर एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइटाच्या नावाने ओळखला जातो. पश्चिम भारतातल्या वनस्पतींवर काम करणाऱ्याला त्या संग्रहाकडे कधी ना कधी वळावे लागते.

अधिकाराची उतरंडही इथेच समजून घ्या. कुलपती बहुधा धर्मसंघाचे प्रांतप्रमुख असतात, कुलगुरू अनेकदा संघातलेच एखादे फादर असतात, आणि कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख ही रचना इतर विद्यापीठांसारखीच असते. जेझुइटांमध्ये ‘रेक्टर’ हा प्रामुख्याने परिसरात राहणाऱ्या व्रतस्थांच्या समुदायाचा प्रमुख असतो. त्याचा मान मोठा असला, तरी तुमची रजा तो मंजूर करतोच असे नाही. आणखी एक गोष्ट नवीन माणसाला कोणी सहसा सांगत नाही. धर्मगुरूंनी आज्ञापालनाचे व्रत घेतलेले असते, त्यामुळे वरिष्ठांचा आदेश आला की ते दुसऱ्या संस्थेत, प्रसंगी दुसऱ्या राज्यात जातात. मुलाखतीत तुम्हाला शब्द देणारे फादर वर्षभराने तिथे असतीलच, असे गृहीत धरू नये.

2. नियुक्तिपत्र सावकाश वाचा

सर्वाधिक वेळ इथे द्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद 30(1) नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व त्या चालवण्याचा अधिकार आहे. मात्र शिक्षकांची किमान पात्रता आणि शैक्षणिक दर्जा यांविषयीचे नियम अशा संस्थांनाही लागू होतात. म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम हाताशी ठेवून पत्राची तुलना करावी. सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के गुण (आरक्षित प्रवर्गांना सवलत) आणि नेट, सेट किंवा नियमांनुसार मिळवलेली पीएच.डी. ही त्या नियमांतली अट आहे. 2023 च्या दुरुस्तीनंतर या पदासाठी पीएच.डी. अनिवार्य राहिलेली नाही. संस्था त्याहून जास्त मागू शकते, आणि काही विद्यापीठे ठरावीक मुदतीत पीएच.डी. पूर्ण करण्याची अट पत्रातच घालतात. ती मुदत किती आहे आणि ती न पाळल्यास काय होईल, हे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

पत्रात पुढील मुद्दे शोधा, आणि एखादा सापडला नाही तर ई-मेलवर विचारा:

- नियुक्ती नियमित, कंत्राटी की अतिथी स्वरूपाची आहे.
- वेतन आयोगाच्या श्रेणीत आहे की एकत्रित ठोक रक्कम आहे. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन दरमहा 57,700 रुपये आहे. अनेक खासगी विद्यापीठे ठोक वेतन देतात, आणि दोन्ही आकडे सारखे दिसले तरी महागाई भत्ता व वार्षिक वाढ यांत मोठा फरक पडतो.
- भविष्यनिर्वाह निधीची कपात पूर्ण मूळ वेतनावर आहे की 15,000 रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे महिना 1,800 रुपये. वार्षिक पॅकेजच्या आकड्यात संस्थेचा वाटाही धरलेला आहे का, तेही पाहा.
- परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) कालावधी. अनुदान आयोगाच्या नियमांत तो एक वर्षाचा असून फार तर आणखी एक वर्ष वाढवता येतो.
- राजीनाम्याची पूर्वसूचना. तीन महिन्यांची अट सर्रास आढळते. सत्राच्या मध्यावर सोडता येणार नाही, असे कलम असले तर त्याचा अर्थ विचारून घ्यावा.
- आठवड्याचे तास. अनुदान आयोगाच्या नियमांत सहायक प्राध्यापकाला प्रत्यक्ष अध्यापनाचे 16 तास आहेत. सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक यांना 14.
- उन्हाळी सुट्टी. मे महिन्यात प्रवेशप्रक्रिया, मुलाखती आणि मूल्यांकन यांसाठी बोलावतात का, आणि त्याबद्दल बदली रजा मिळते का.
- संस्थेची वैशिष्ट्ये व ध्येय (बैठकीत येणारे ‘मिशन’ ते हेच) यांविषयीचे कलम.

शेवटचा मुद्दा कॅथलिक संस्थांचा खास आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 15 ऑगस्ट 1990 रोजी कॅथलिक विद्यापीठांविषयी एक ‘संविधान’, म्हणजे चर्चचा अधिकृत नियमदस्तऐवज, प्रसिद्ध केले. संस्थेची कॅथलिक ओळख काय आहे आणि तिचा व्यवहारात अर्थ काय होतो, हे प्रत्येक शिक्षकाला नेमणुकीच्या वेळीच सांगितले जावे, असे त्यात म्हटले आहे. त्या ओळखीचे संवर्धन करावे किंवा निदान तिचा आदर राखावा, ही शिक्षकाची जबाबदारी, आणि त्याच दस्तऐवजात प्रत्येकाच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण मान राखावा, असेही नमूद आहे. तेव्हा ‘या कलमानुसार माझ्याकडून नेमके काय अपेक्षित आहे?’ असे विचारण्यात उद्धटपणा अजिबात नाही. उत्तर बहुधा साधे असते. संस्थेच्या मूल्यांविरुद्ध संस्थेच्या व्यासपीठावरून प्रचार करू नका, आणि विद्यार्थ्यांशी वागताना ती मूल्ये जपा. धर्मांतर किंवा उपासनेत सहभाग ही नोकरीची अट नसते. कोणी तसे सुचवलेच, तर ते लेखी मागावे.

मुलाखतीत निवास, मुलांच्या शाळेचा प्रवेश, पीएच.डी.साठी रजा, जुन्या अनुभवाची वेतनवाढ अशा गोष्टींची तोंडी ग्वाही मिळाली असेल, तर रुजू होण्यापूर्वी एक विनम्र ई-मेल पाठवा: ‘आपल्या चर्चेत पुढील बाबी ठरल्या, असे मी समजते, कृपया खात्री करावी.’ शब्द देणाऱ्याच्या हेतूवर शंका न घेताही असे पत्र लिहिता येते. त्यांची बदली झाल्यावर त्यांच्या जागी आलेल्या माणसालाही त्या कागदाचा उपयोगच होतो.

3. कागदपत्रांची फाइल तयार ठेवा

प्रत्येकाची मूळ प्रत, दोन स्वसाक्षांकित छायाप्रती आणि स्कॅन केलेली प्रत, असे तीन संच करावेत.

- नियुक्तिपत्र व स्वीकृतिपत्र
- दहावी, बारावी, पदवी आणि पदव्युत्तर परीक्षांची गुणपत्रके व प्रमाणपत्रे
- नेट किंवा सेटचे प्रमाणपत्र, पीएच.डी. असल्यास पदवी आणि ती नियमांनुसार मिळाल्याचे विद्यापीठाचे पत्र
- आधीच्या संस्थेचे कार्यमुक्ती पत्र, अनुभव प्रमाणपत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या वेतनपावत्या
- आधार, पॅन, भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक, बँक खात्याचा रद्द धनादेश
- चालू आर्थिक वर्षात आधीच्या नोकरीतून मिळालेल्या वेतनाचा व कापलेल्या कराचा तपशील
- वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र, छायाचित्रे, लागू असल्यास जातप्रमाणपत्र व नावबदलाचे राजपत्र
- प्रकाशनांची यादी, ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळखक्रमांक आणि संशोधकांची माहिती देणाऱ्या ‘विद्वान’ संकेतस्थळावरील नोंद

नावाच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्या. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी आणि कधीकधी आईचे नावही असते. आधारवर क्रम निराळा असतो. इतर राज्यांतल्या लेखनिकाला ही दोन वेगवेगळी माणसे वाटतात आणि वेतनाचे खाते अडकून पडते. एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र घरूनच करून आणले, तर तिथे गेल्यावर धावपळ वाचते.

मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी दाखवावीत आणि लगेच परत घ्यावीत. ती ‘काही दिवस’ ठेवून घेण्याची पद्धत काही खासगी संस्थांत अजूनही आहे. मागितलीच, तर यादीसह पोच आणि परत देण्याची तारीख लिहून घ्यावी. ज्या संस्थेला माणूस टिकवण्यासाठी त्याच्या पदव्या कुलुपात ठेवाव्या लागतात, तिच्याबद्दल माझे मत चांगले होत नाही.

4. रुजू होण्याचा दिवस

रुजू अहवाल द्या आणि त्यावर आवक क्रमांक व तारीख असलेली पोच घ्या. सेवेची गणना त्या तारखेपासून होते. ओळखपत्र, विद्यापीठाचा ई-मेल, उपस्थितीची नोंद आणि ग्रंथालयाचे खाते ही कामे त्याच दिवशी मार्गी लावावीत. पोशाखाचे लेखी नियम आहेत का, तेही विचारून घ्या. काही ठिकाणी ते बरेच काटेकोर असतात. धर्मगुरूंना ‘फादर’, धर्मभगिनींना ‘सिस्टर’ आणि पुरोहित नसलेल्या व्रतस्थांना ‘ब्रदर’ म्हणतात. ते तुमचे विभागप्रमुख असले, तरी ‘सर’ऐवजी हेच संबोधन रुळलेले असते.

5. परिचयवर्गात बसून न राहता विचारा

नव्या शिक्षकांसाठी काही दिवसांचा परिचयवर्ग असतो. त्यात संघाचा इतिहास, संस्थेचे ध्येय, परीक्षापद्धती, ऑनलाइन अध्यापन प्रणाली आणि नॅकच्या (संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) नोंदी असे सगळे एकापाठोपाठ येते. याशिवाय आयोगाने नव्या शिक्षकांसाठी आखलेला सुमारे एक महिन्याचा ‘गुरु-दक्षता’ कार्यक्रम आहे. तो केव्हा आणि कुठे करायचा, त्यासाठी कर्तव्यरजा मिळते का, हे पहिल्याच महिन्यात ठरवून टाका. पुढे पदोन्नतीच्या वेळी त्याचे प्रमाणपत्र लागते.

जेझुइट संस्थेत ‘क्युरा पर्सोनालिस’ हे लॅटिन शब्द वारंवार कानावर पडतील. समोरच्या विद्यार्थ्याकडे हजेरीपटावरचा क्रमांक म्हणून न पाहता त्याची घरची परिस्थिती, तब्येत, भीती, आवड हे सगळे ध्यानात घेऊन त्याची काळजी घ्यावी, असा त्याचा व्यवहारातला अर्थ आहे. 1973 मध्ये संघाचे तेव्हाचे प्रमुख फादर पेद्रो अरुपे यांनी इतरांसाठी जगणारी माणसे घडवणे हे जेझुइट शिक्षणाचे उद्दिष्ट म्हणून मांडले आणि 1993 मध्ये त्याला अध्यापनाचा एक आराखडा मिळाला. संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती आणि मूल्यमापन हे त्याचे पाच टप्पे.

हे ऐकताना नव्या माणसाला ती नुसती घोषणा वाटते. प्रत्यक्षात ते असे घडते. समजा, अर्थशास्त्राच्या वर्गात किमान वेतन शिकवायचे आहे. व्याख्येपासून सुरुवात न करता आधी संदर्भ पाहायचा, म्हणजे वर्गातल्या किती मुलांच्या घरी कोणी कंत्राटी कामावर आहे, याचा अंदाज कोणालाही उघडे न पाडता घ्यायचा. मग अनुभव म्हणून एका सफाई कामगाराची, त्याच्या संमतीने आणि नाव झाकून मिळवलेली वेतनपावती मुलांच्या हाती द्यायची. मूळ वेतन, कपाती आणि हातात पडलेली रक्कम यांची बेरीज-वजाबाकी त्यांनाच करू द्यायची. चिंतनात एकच प्रश्न ठेवायचा: कंत्राटदाराला मिळणारी रक्कम आणि कामगाराला मिळणारी रक्कम यांतला फरक नेमका कशाचा मोबदला आहे? कृती म्हणून परिसरातल्या कंत्राटांविषयी एक पानी टिपण तयार करायचे आणि मूल्यमापनात त्या टिपणातला युक्तिवाद तपासायचा. पाठनियोजनाच्या नमुन्यात हे पाच रकाने आले, की अनेक शिक्षक ते सत्राच्या शेवटी एकगठ्ठा भरतात. तसे करू नये. एका सत्रात दोन-तीन घटक जरी या पद्धतीने नीट शिकवले, तरी पुरते.

6. प्रार्थना, मिस्सा आणि सुट्ट्या

दिवसाची किंवा सभेची सुरुवात छोट्या प्रार्थनेने होते. अशा वेळी शांतपणे उभे राहणे हा शिष्टाचार आहे. शब्द म्हणणे किंवा क्रुसाची खूण करणे अपेक्षित नसते. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर राज्यघटनेचा अनुच्छेद 28(3) स्पष्ट आहे. राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कोणालाही, आणि अल्पवयीन असल्यास पालकांच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणूनच या विद्यापीठांत कॅथलिक विद्यार्थ्यांसाठी धर्मशिक्षण आणि इतरांसाठी मूल्यशिक्षण असे वेगळे तास आढळतात. तुम्हाला मूल्यशिक्षणाचा तास मिळाला, तर घाबरून जाऊ नका. त्यात बहुधा प्रामाणिकपणा, व्यसनमुक्ती, राज्यघटना, पर्यावरण हेच विषय असतात.

शैक्षणिक वर्षाच्या आरंभी किंवा संघाच्या सणाला मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, होते आणि सर्व शिक्षकांना निमंत्रण असते. जायचे ठरवले, तर मध्याच्या ओळीत बसावे आणि पुढचे लोक उभे राहिले की उभे राहावे. गुडघे टेकण्याच्या वेळी बसून राहिले तरी चालते. एक गोष्ट मात्र मराठी घरात वाढलेल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. प्रसाद नाकारू नये, ही आपली सवय असते. मिस्सेच्या उत्तरार्धात लोक रांगेने पुढे जाऊन पवित्र भाकर घेतात. ती दिसायला पातळ, पांढरी, नाण्याएवढी चकती असते. तो वाटला जाणारा प्रसाद नाही. कॅथलिकांच्या श्रद्धेनुसार ते साक्षात ख्रिस्ताचे शरीर आहे आणि ते फक्त त्या संस्काराची तयारी झालेल्या कॅथलिकांनीच घ्यायचे असते. रांग तुमच्या बाकापाशी आली, की पाय किंचित बाजूला घेऊन शेजाऱ्याला वाट द्यावी आणि बसून राहावे. भिडेखातर पुढे जाऊन ती चकती हातात घेणे आणि मग ‘घरी नेऊन खाऊ’ म्हणून रुमालात ठेवणे यामुळे समोरच्यांची श्रद्धा खोलवर दुखावते, आणि घेणाऱ्याला ते कळतही नाही.

सुट्ट्यांचे गणित महाराष्ट्रापेक्षा वेगळे असते. दिवाळीची लांब सुट्टी बहुधा आखडते आणि मोठी सुट्टी नाताळात मिळते. बंगळूरला असाल, तर गणेशचतुर्थीची एकच सुट्टी मिळेल, दीड दिवसाच्या गणपतीलाही ती अपुरी पडते. गुढीपाडव्याची मात्र चिंता नको, कारण त्याच दिवशी तिकडे उगादी असते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ असतो. या काळात विभागाची मेजवानी ठरवण्यापूर्वी कॅथलिक सहकाऱ्यांना विचारावे, विशेषतः शुक्रवारी, कारण अनेक जण त्या दिवशी मांसाहार टाळतात. ईस्टरची तारीख दरवर्षी सरकते. 2026 मध्ये तो 5 एप्रिलला आहे आणि 2027 मध्ये 28 मार्चला. अंतर्गत परीक्षांचे वेळापत्रक लावताना गुड फ्रायडेच्या आधीचा गुरुवारही मोकळा ठेवलात, तर विद्यार्थी आणि सहकारी दोघेही दुवा देतील.

7. वर्गात काय शिकवता येते

कॅथलिक संस्थेत उत्क्रांती शिकवता येत नाही, हा समज चुकीचा आहे. पोप बारावे पायस यांनी 1950 मध्येच मानवी शरीराच्या उत्क्रांतीवरील संशोधनाला वाव असल्याचे म्हटले, आणि 1996 मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांतिवाद हा केवळ तर्क राहिलेला नसल्याचे मान्य केले. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल ऑगस्टिनियन संघाचे होते, आणि विस्तारणाऱ्या विश्वाची कल्पना 1927 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियन धर्मगुरू. तेव्हा विज्ञानाच्या अभ्यासक्रमात अडचण येत नाही.

गर्भपात, कृत्रिम गर्भनिरोध, समलिंगी विवाह, दयामरण आणि चर्चचा इतिहास हे विषय खरोखर नाजूक आहेत. अभ्यासक्रमात असलेला कायदा, आकडेवारी आणि वेगवेगळ्या भूमिका शिकवण्यास आडकाठी नसते, आणि शिकवताना चर्चची भूमिकाही तिच्या सर्वोत्तम युक्तिवादासह मांडली तर कोणाची तक्रार राहत नाही. बाहेरचा वक्ता बोलावणे, विद्यापीठाच्या नावाने चर्चासत्र घेणे किंवा फलक लावणे हे वेगळे. त्यासाठी विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी. समाजमाध्यमांवर वैयक्तिक मत मांडताना संस्थेचे नाव आणि ओळखपत्राचा फोटो मध्ये आणू नये. कॅथलिक विद्यापीठांतले अभ्यासस्वातंत्र्य कागदावर मान्य आहे, पण त्याची प्रत्यक्षातली रुंदी संस्थेगणिक, कधीकधी कुलगुरूगणिक बदलते, हे माझे निरीक्षण आहे. नव्या माणसाने पहिल्या सत्रात तिची चाचपणी जुन्या सहकाऱ्यांशी बोलून करावी.

8. मेंटॉर म्हणून काम

प्रत्येक शिक्षकाकडे विद्यार्थ्यांचा एक गट सोपवला जातो, आणि या कामाकडे इथे फार गंभीरपणे पाहिले जाते. भेटींची तारीखवार नोंद ठेवा, पण विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेला तपशील सर्वांना दिसणाऱ्या प्रणालीत भरू नका. तिथे ‘समुपदेशकाकडे पाठवले’ एवढे पुरेसे असते. समुपदेशन केंद्राची वेळ आणि दूरध्वनी पहिल्याच आठवड्यात टिपून ठेवा.

पहिल्या वर्षाचे बरेच विद्यार्थी सतरा वर्षांचे असतात, म्हणजे कायद्याने बालक. त्यांच्यापैकी कोणी लैंगिक अत्याचाराविषयी काही सांगितले, तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन त्यामुळे देऊ नये. विद्यार्थ्याशी एकट्याने बोलताना दार उघडे ठेवावे किंवा काचेच्या खोलीत बसावे. चर्चच्या संस्थांमध्ये बालसंरक्षणाचे स्वतंत्र लेखी धोरण असते, ते मागून घेऊन वाचावे. शिक्षकांच्या स्वतःच्या तक्रारीसाठी लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखालील अंतर्गत समिती असते. तिच्या सदस्यांची नावे दर्शनी फलकावर शोधून ठेवा.

या कामात वेळ किती जातो, याचा अंदाज सुरुवातीला येत नाही. संध्याकाळचे उपक्रम, शनिवारची वस्तीभेट, पालकसभा हे सगळे ‘सेवाभावाने’ करायचे असते. त्यातले बरेचसे करण्याजोगे असते, आणि मला त्यातून खूप मिळाले. तरीही सोळा तासांच्या अध्यापनाबरोबर हे बसत नसेल, तर विभागप्रमुखांना तसे सांगावे आणि सेवेच्या तासांची नोंद कार्यभाराच्या तक्त्यात करून मागावी. सेवाभाव मागणाऱ्या संस्थेने कार्यभार मोजू नये, असे काही नाही.

9. परिवीक्षेची फाइल पहिल्या दिवसापासून

एक साधी फाइल उघडा. तिच्यात रुजू अहवालाची पोच, प्रत्येक सत्राचे वेळापत्रक, पाठनियोजन, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, परीक्षेच्या कामाचे आदेश, समित्यांवरच्या नेमणुका, परिचयवर्गाचे प्रमाणपत्र आणि प्रकाशने क्रमाने लावत जा. तोंडी सोपवलेले काम झाल्यावर ‘आपल्या सूचनेनुसार हे पूर्ण केले’ असा दोन ओळींचा ई-मेल पाठवला, की त्याचाही कागद होतो. संशोधनलेखावर विद्यापीठाचे नाव अधिकृत लेखनाप्रमाणेच लिहा; ‘अभिमत’ शब्द वगळला किंवा परिसराचे नाव चुकले, तर तो लेख तुमच्या मूल्यमापनात धरला जात नाही.

परिवीक्षा संपण्याच्या दोन महिने आधी स्वयंमूल्यमापनाचा नमुना मागून घ्या आणि फाइलीतल्या पुराव्यांसह भरा. आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार परिवीक्षा समाधानकारक ठरल्यास ती संपल्यापासून 45 दिवसांत कायम केल्याचा आदेश निघायला हवा, आणि कालावधी वाढवायचा असेल तर पहिले वर्ष संपण्यापूर्वीच तसा स्पष्ट आदेश द्यावा लागतो. या काळात ‘तुमचे काम उत्तम आहे, काळजी करू नका’ असे कोणी फादर जिन्यात भेटून सांगतील आणि ते मनापासूनच सांगत असतील. त्यांचे आभार मानावेत, आणि 45 दिवस उलटूनही आदेश आला नसेल तर कुलसचिवांच्या नावे लेखी अर्ज आवक विभागात देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का घ्यावा.